पुनवेची कुर्ली

काटा पुरं वजन दाखवतो,
पण जैबूनचा अंगठा फसत नाही.
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर नांगी दाबून ती म्हणते,
"पोकळ. पुनवेची आहे."

ही दोनशे वावांखालची, मी सांगतो,
तिथे पुनव नाही, अवस नाही,
वरून गळेल तेवढंच अन्न.

सुई टोचली. हवेत निळं व्हायचं ते रक्त
तांदळाच्या धुवणासारखंच राहिलं.
आधी साठवलेली चरबी, मग मांस,
मग रक्तातली निळाईसुद्धा,
सगळं हिनं स्वतःचंच खाल्लेलं.
काळजाचे ठोके लांबवले, कात पुढे ढकलली.
कवचाला आक्रसता येत नाही,
म्हणून आत पाणी.

"बंदीचे महिने," जैबून एवढंच म्हणते,
आणि ढिल्या बांगड्या
कोपरापर्यंत सारते.