विषम तारीख

जागा बघायची नसती, भरमा मुतगेकर म्हणतो,
जागा काय, सगळ्यांनाच दिसतीया.
माणूस बघायचा.

बावीस वर्षं भाजीचा टेम्पो गोव्याला नेलेला हा माणूस
डोळ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या शेजारी बसतो
आणि मलाच खडेबाजार वाचून दाखवतो:
ती बाई. पिशव्या दोन, पण चपला अजून दुकानाकडं. नाही निघायची.
तो टोपीवाला, हात खिशात गेला बघ.
किल्ली नव्हं. तंबाखू.
त्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर मांजर झोपलंय,
म्हणजे इंजिन अजून गरम हाय, आत्ताच आलीया. सोड.

आज सतरा. विषम.
कुठल्या बाजूला लावायची ते फलकावर कन्नडमध्ये,
मी अक्षरं जुळवेपर्यंत मागनं तीन हॉर्न.

गणपत गल्लीत शिर, मारुती गल्लीनं बाहेर पड,
एकाच ठिकाणी घिरट्या घालायला तू काय घार हायस?
पहिल्या फेरीतली जागा लांब वाटती,
तिसऱ्या फेरीत तिच्यासाठीच जीव तुटतो.

तिसऱ्या फेरीत माणूस मिळाला.
साठीचा, हातात किल्ली, काखेत स्कॅनिंगचं मोठं पाकीट.
मागनं बाई, पदर तोंडाशी.
त्यांच्या चालीनं गाडी नेली मी, वरातीतल्यासारखी.
ते बसले. दारं लागली.
मी इंडिकेटर लावला.

गाडी काही सुरू होईना.
काच खाली करून, माझ्या मोडक्या कन्नडात:
होग्तीरेन्री?
मान न वळवता त्यानं दोन बोटं जवळ आणली.
स्वल्प.

शाळेत आम्हाला स्वल्पविराम शिकवलेला,
एवढा लांब नव्हता.

तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून,
चोर्ला घाटात धुकं असल्यासारखा.
बाईनं पाकीट उघडलं,
उजेडाकडं धरलं,
परत घडी केलं.

शिट्टी वाजली. पोलीस निघाला आमच्याकडं.
इंडिकेटर बंद कर, भरमा म्हणाला,
ती जागा त्यांनाच लागतीया.

कॅम्पात लावली, चर्चच्या भिंतीला.
चालत आलो. चष्मेवाला शटर ओढायच्या बेतात होता.

परत जाताना ती जागा रिकामी.
एक जीप हळू झाली, पण जागेकडं बघितलंच नाही तिनं,
आमच्या हातांकडं बघत राहिली.
भरमानं खिशात हात घातला,
जीप थांबली.

चष्म्याची डबी निघाली.