गिळू नका

धंतोलीत, तळघरात, कूलरच्या घरघरीत
मी दिवसभर एवढंच बोलतो:
कानातले काढा, मंगळसूत्र काढा,
हनुवटी इथं टेका, ही काडी दातांत धरा
आणि चौदा सेकंद गिळू नका.
वर रस्त्यावर सत्तेचाळीसचं ऊन.

मशीन डोक्याभोवती फिरतं,
प्रदक्षिणा अर्ध्यातच सोडतं,
मग पडद्यावर जबडा उलगडतो
इस्त्री केल्यासारखा सपाट.
लोक येतात अक्कलदाढेसाठी, इम्प्लांटसाठी,
इतवारीतून, कामठीतून, एक तर पार गोंदियाहून
दुखरा गाल धरून रात्रीच्या गाडीनं.
आणि हाड जिथं कानाकडं वळतं तिथं,
कुणी न विचारता,
तांदळाची एक कणी. दोन कण्या. कधी नुसती खसखस.
टॉन्सिलच्या खाचेत साचून, साचून
चुना झालेलं काहीतरी.

गेडाम मॅडम रिपोर्टात अगदी शेवटी लिहितात:
सहज आढळले. उपचाराची गरज नाही.

मी एक वही ठेवली. कुणी सांगितली नव्हती.
जुन्या सपाट फोटोंत बारा-पंधरांतून एखाद्याला सापडायचे.
मग काप काढून दाखवणारं नवं मशीन आलं
तर माझ्या वहीत तिघांतला एक.
गळे तेच हो.
बघणं तेवढं बारीक झालं.

परवा गोळीबार चौकातून सिंधूबाई हेडाऊ आल्या,
खालच्या दाढेसाठी.
पडद्यापाशी येऊन त्यांनी थेट बोट ठेवलं.
काही नाही, म्हटलं, पुष्कळांना असतं.
"काही नाही तं मंग पांढरं काऊन दिसते?"

खडे आहेत, म्हटलं, बारीक.
त्रास नसतो.
कधी तोंडाला वास येतो, तेवढंच.

कुड्या परत घालताना
त्यांना उजव्या कानाचं छिद्र सापडेना.
"बत्तीस वर्षं," म्हणाल्या,
"भिंतीकडं तोंड करून झोपला माणूस.
लवंगा चावू चावू जीभ जाळली मी.
अन् तुम्ही म्हणता, तेवढंच."

मग हसल्या, तोंडावर हात धरून.
हात आपोआप वर गेला होता.
"आता तं गेला तो.
हा फोटो मोठा काढून द्याजा मले.
त्याच्या फोटोच्या बाजूनं लावतो."

मोठा काढून दिला.
वहीत खूण करायची तेवढी राहिली.

रात्री बेसिनपाशी मोबाइलचा उजेड पाडून
आ केला. लाल, ओलं, पुढं अंधार.
तळहातावर फुंकर मारली, हुंगली.
पुन्हा हुंगली.
सकाळच्या तर्रीचा वास, की नुसता हाताचा,
कळेना.

गच्चीवर बायको झोपली होती
माझ्या अंथरुणाकडं पाठ करून.
उन्हाळा आहे म्हणा,
वारा त्याच बाजूनं येत होता.