टोकाकडून की बुडाकडून

कार्तिक सरत आला की पाचगणीत
धुकं उशिरा उठतं,
आणि लायब्ररीच्या पायरीशी आयरिसची पानं
करपल्यासारखी दिसू लागतात.
चैत्रात जांभळ्या जिभा काढून दाखवणारी
हीच ती झाडं. आता तलवारी कुठल्या,
नुसती गंजलेली म्यानं.

मी आधी पाणी वाढवलं.
मग तोडलं.
मग वाईहून बुरशीचं औषध आणलं,
बादलीला दोन चमचे, निळसर,
आणि मुलांना म्हटलं, लांब व्हा.
डायरीत लिहिलं: सोमवार, सात पानं. गुरुवार, एकोणीस.
मोजणं ही माझी जुनी खोड,
पुस्तकांना लागलेली वाळवीही मी पानांवरच मोजते.

मेसचे नाभिराज मगदूम भाजीची सालं टाकायला आले
आणि वाफ्यापाशी उकिडवे बसले.
मूळचे समडोळीचे. जन्मात कांदा खाल्ला नाही, बटाटा नाही,
आणि रोज दीडशे पोरांसाठी पोतंभर सोलतात.
"बाई, हे टोकाकडनं वाळतंय का बुडाकडनं?"

एवढं मोजलं होतं मी.
हे पाहिलं नव्हतं.

टोकाकडून. बाहेरचं पान आधी, मग आतलं.
"मग रोग कसला? हळदीचं बी असंच.
पाला हिरवा हाय तवर आमच्यात कोण कुदळ लावत न्हाई.
पान आपलं सगळं खाली पोचतं करतं,
मग वाळतं. मधीच कापलं
तर गड्डा उपाशी."

बोलता बोलता बोट एकेका बुंध्यात दाबत गेले.
घट्ट. घट्ट. घट्ट.
नळाजवळचा मात्र पिचकला,
पिवळं पाणी, कुजक्या बटाट्याचा वास.
"ह्यो गेला," म्हणाले,
जसं पोत्यातला एखादा बाजूला काढावा तसं.
याची पानं तर अजून बऱ्यापैकी हिरवी होती.
म्हणून मी त्याच्याकडे बघतही नव्हते.

सुरी आणली. मऊ तेवढं कापलं,
पांढऱ्या काठावर मेसमधली चमचाभर हळद चोपडली,
आणि उन्हात पायरीवर ठेवला. बघू, म्हणाले.

आता स्नेहसंमेलनाआधी हा कचरा उपटा, असं ऑफिसातून आलंय.
मी फक्त तीच पानं घेते
जी धरल्यावर कुरकुरत, आपण होऊन, हातात येतात.
बाकीची अजून कामावर आहेत.

शुक्रवार. नळाचा वायसर बदलून घेतला.
पानं मोजली नाहीत.