मीठ घसरावं म्हणून

टेपचं एक टोक बसवराजच्या हातात, एक माझ्या.
तो कानडीत ओरडतो, हन्नेरडु अडी, मूरु इंचु,
मी मराठीत घोळवतो
आणि वहीत उतरतो आकडा इंग्रजी,
दोघांच्याही घरी न बोलला जाणारा.

बेळगाव कॅम्पात शेवटच्या वळणावरचा बंगला.
भिंती जांभ्याच्या, दोन फूट जाड.
खाणीतून निघताना जांभा लोण्यासारखा कापला जातो,
मग वारा लागतो आणि हट्टाला पेटतो.
कोपऱ्यांना मात्र गोकाकचा घडीव दगड,
एक आडवा, एक उभा,
कोट घालून बाह्या दुमडाव्यात तसा.

खिडक्या अरुंद, मधे दगडी दांडे.
ऊन मोजून मिळतं अशा गावाहून आल्या असाव्यात;
इथल्या उन्हाला अजून तिरपं होऊन आत शिरावं लागतं.

दिवाणखान्यात शेकोटीची चौकट.
थॉर्नबी साहेबाने कातरलेल्या कडांची पानं मागितली होती,
कागदावर काढूनही दिली होती.
मोनाप्पा पाथरवटाने तीन पानं कागदाबरहुकूम कोरली,
चौथ्यापासून फणसाची.
शेकोटीत आता कायतानचे कांदे.

कायतान राखणदार, याचा पणजा साहेबाचा खानसामा.
तो बंगल्याबद्दल फार बोलत नाही,
छपराबद्दल विचारलं तेव्हा एवढंच:

"मोनाप्पा विचारला म्हणे, इतकं उभं कशाला, साहेब?
आमच्या गावात बर्फ पडतो, म्हटला.
बर्फ म्हणजे काय?
साहेब सैपाकघरात आला,
पणजाच्या बरणीतलं मूठभर मीठ घेतला,
पाट तिरका धरला आणि वरनं सोडला.
सगळं खाली.
बघितलास? म्हटला.
मोनाप्पा बघितला की."

गोव्याकडून घाट चढून बैलांच्या पाठीवर आलेलं मीठ.
त्या दिवशीच्या रश्शात म्हणे कमी पडलं.

मी शिडी लावून माळ्यावर जातो.
उतार पंचावन्न अंश.
मंगलोरी कौलं इतक्या उभ्यावर टिकत नाहीत,
म्हणून एकेक तारेने बांधलेलं,
आणि तारेच्या गाठी सगळ्या सारख्या,
एकाच माणसाच्या बोटांच्या.
सागाच्या वाशांवर खडूच्या खुणा अजून आहेत.
तिथे बसून वाटलं,
या माणसाला कोणी वेड्यात काढलं नव्हतं.
त्याला कारण दाखवलं होतं, पाटावर,
आणि आभाळातून मीठ पडणाऱ्या एका गावासाठी
त्याने चोख छप्पर बांधलं.

साहेब चार वर्षांत बदलून गेला.
मोनाप्पा नंतर कधी रस्त्याने जाताना
मान वर करून थांबायचा का,
हे कायतानला माहीत नाही.
मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नोंदणीच्या तक्त्यात रकाने आहेत:
छपराचा प्रकार. उतार. उताराचं प्रयोजन.
पहिले दोन भरले.
तिसऱ्यात 'बर्फ' लिहिलं,
खोडलं.
कचेरीतले हसतील, हे ठाऊक असूनही
दुसरा शब्द लिहिला.

"एन बरद्री, सर?"
वही त्याच्याकडे वळवली.
बसवराजने अक्षरं लावली, ओठ हलवत,
मग छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"उप्पु?"
आणि टेप सोडला.
तो सरसरत आला
माझ्या मुठीत.