एक नग

कुंपणालगतचं ते झाड
कुडाळच्या नर्सरीतून टेम्पोत बसून वेंगुर्ल्याला आलं.
बिलावर एवढंच: शोभेचं, एक नग, साडेतीनशे.
तीन वर्षं मुकाट उभं राहिलं.
यंदा वैशाखात फळं धरली
लाल, बोराहून थोरली, जोडीजोडीनं,
खोटी वाटावीत इतकी तुकतुकीत.

मालक फोनवर म्हणाले, शोभेचं आहे ना, मग बघायचं.

मी एक नखानं चिरलं.
पांढरा चीक आला.
चीक येतो ते तोंडात घालू नये, सासरे सांगायचे
करवंदं खाता खाता,
ओठ चिकानं चिकटलेले.

खवणेकरीण मासे घेऊन आली, पाटी उतरवून म्हणाली,
"ह्यां आपल्या हयचां न्हय."
मी म्हटलं, बुलबुल खातात सकाळी.
"पाखरांचा काय सांगतंस, धनेश काजरो गिळता.
तू गिळतलंस?"
आणि बांगडे मोजायला लागली.

मोंतेरो कंपाउंडरनं चष्मा कपाळावर घेतला, हुंगलं.
"बिट्टी ओळखतो, कण्हेर ओळखतो. हे नाही."
हात मात्र दोनदा धुतले.

मग मी तीन फळं बशीत ठेवली,
मुंग्या काय म्हणतात बघायला.
मुंग्या काठापर्यंत आल्या,
काठावरूनच फिरल्या.
दिवेलागणीला बशीत एकच होतं.

विघ्नेश पायरीवर भागाकार करत बसलेला,
हनुवटी लाल.
किती?
"दोन. आंबट आहेत. बी कडू."
बी चावलीस? गिळलीस? थुंकलीस ती कुठे?
वहीत त्याची बाकी उरलेली तशीच,
आणि आम्ही रिक्षात.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव?
विघ्नेश रमाकांत तुळसकर, वय नऊ.
"फळाचं."

मी पिशवीतून बिल काढलं.
त्यांनी ते उजेडात धरून वाचलं,
मागची बाजूही बघितली.

रात्रभर मी त्याचा श्वास मोजला,
मध्येच चुकले की पुन्हा एकपासून.
समोरच्या बाकावर मोंतेरो, न बोलवता आलेला,
जपमाळ खिशातल्या खिशात.

पहाटे पोरगा म्हणाला, पेज दे, आणि लोणचं.

म्हणजे खायचं होतं?
की दोन कमी पडली?
की बी थुंकली होती?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसरं खाऊन बघू नका.

झाड आहे तिथेच आहे.
बुलबुल येतात, फांदी हलते,
खाली लाल सालींचा सडा मीच झाडते.
झाडता झाडता त्याला नावं ठेवते,
रोज नवीन.
अजून एकही लागलेलं नाही.