पुलावरचा कंदील

अठरा सालचा नोव्हेंबर. उत्तरेकडचा आइसलँड.
दिवस एवढासा, मेंढ्या मोजून होईतो संपणारा.
दक्षिणेत बोटीतून आजार उतरला, तशी
आमच्या खोऱ्यानं लाकडी पुलाला दोर बांधला
आणि दोराशी मला बसवलं, कंदील नि बंदूक देऊन.

त्यासाठी मतदान झालं होतं.
ब्रान्दुर नऊ मतांनी पडला.
त्या नऊ मतांची ऊब
लोकरीच्या कोटाहून जास्त होती, हे आज सांगतो.

खोऱ्यानं काय सोडलं नाही?
कॉफी संपली. भाजलेल्या बार्लीच्या काळ्या पाण्याला
बायका बिनदिक्कत कॉफी म्हणू लागल्या.
पोस्टमन ओद्दुर पत्रं गंधकाच्या धुरात टांगायचा,
माणसं ती खोकत, हसत वाचायची.
उन्नुरचं लग्न लांबलं. नवरामुलगा रोज दुपारी
पलीकडच्या काठावर यायचा, हात वर करायचा,
ही इकडून लाल हातमोजा हलवायची.
नदीच्या आवाजात दोघांनाही काही ऐकू येत नसे.

ब्रान्दुरची आई पलीकडे, लेकीकडे अडकलेली.
ती गेली तेव्हा तो टोपी काढून माझ्यापुढं आला.
म्हणाला, लांब उभा राहीन. पेटीला हात लावणार नाही.
मी म्हणालो, नियम.
लोण्यासारखा विरघळला तो शब्द जिभेवर.
मग तो काठावरच थांबला, खांद्यांवर बर्फ साचेपर्यंत.
पलीकडे चार माणसं
एक लांबट काळी रेघ टेकडीवर नेत होती.

त्यानंतरच्या चौथ्या रात्री
मी दोराखालून वाकून गेलो.

थोर्दिसच्या खिडकीत दिवा होता.
तीन आठवडे त्याच दिव्याकडे बघत
मी बाकी सगळ्यांना अडवत होतो.
मनाला सांगितलं, दोर ज्यानं धरलाय
त्याला तो कसा बांधेल?
तिनं दार उघडलं. घसा बसला होता तिचा.
थंडी, म्हणाली.
मी ऐकलं. आणि आत गेलो.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक.
रखवालदाराला ठसे पुसताही येतात,
झाडू पुलावरच असतो.

पुढं दोन दिवस कणकण. कुणाला बोललो नाही.
उन्नुरचा धाकटा भाऊ मटणाचं सूप घेऊन आला,
नऊ वर्षांचा, बडबड्या. बंदूक बघायची होती त्याला.
मी दाखवली. त्याच्याच चमच्यानं सूप प्यालो.

आधी तो गेला. मग त्याचे आजोबा. मग उन्नुर.
नवरामुलगा त्यानंतरही सहा दिवस यायचा,
हात वर करायचा.
ओरडून सांगायचं काम माझं होतं.
मी सांगितलं नाही. बर्फवृष्टीनं सांगितलं असावं.

बैठकीच्या वहीत अक्षर माझं आहे:
'संशय टपालाच्या पिशवीवर.'
पिशवी जाळली. ओद्दुरशी कुणी भांडलं नाही,
फक्त त्याच्या घरचं दूध कुणी घेईना.
वसंतात तो बायकोला घेऊन कॅनडाच्या बोटीत चढला.
मला चांदीचं घड्याळ मिळालं.
ते अजून चालतं, दिवसाला मिनिटभर पुढं.

ब्रान्दुर बोलला ते बावीस वर्षांनी,
मेंढ्या उतरवताना, सहज, कुंपणाची तार ताणत.
'त्या रात्री मी पुलावर आलो होतो.
आईच्या मातीपर्यंत जाऊन यायचं होतं. तू नव्हतास.'
मग गेलास का नाहीस?
'दोर होता ना.'

आणि कुणाला सांगितलं का नाहीस?
त्यानं तारेला आणखी एक पीळ दिला.
'सांगितलं असतं, तर सकाळी
अख्खं खोरं पुलावर असतं.
प्रत्येकाचं कुणी ना कुणी पलीकडे होतंच की.'

मेंढ्या पुढं गेल्या. तोही निघाला.
जाता जाता म्हणाला,
'कंदिलाची काच काजळत होती.
वात मीच खाली केली.'

मला आठवलं,
पहाटे परतल्यावर मी त्या स्वच्छ काचेकडे बघून
स्वतःवरच खूश झालो होतो.