परतीचा रकाना

पहिला नकार मिळाला तो माझ्याच हुशारीमुळे.
परवलीच्या शब्दात मी एक हॅश ठेवला होता,
चोराला जड जावं म्हणून.
फाइल वाचणाऱ्याला वाटलं, इथून पुढे नुसता शेरा,
उरलेलं त्याने वाचलंच नाही.
अर्धा शब्द हातात घेऊन माझा प्रकल्प
साओ पाउलोच्या दारात रात्रभर उभा,
आणि दार म्हणत राहिलं: ओळख पटत नाही.

शब्द अवतरणचिन्हांत घातला, तेव्हा उघडलं.
मी एकटीच ओरडले.
खाली ठाण्यात कुणीतरी दचकून
घंटेकडे पाहिलं असणार.

आंकुदमध्ये बंबवाले पगार घेत नाहीत,
आणि त्यांच्या माडीवर
अकॉर्डियन मिळतात उसने, लग्नाला, बारशाला,
नुसतंच घरी कंटाळा आला म्हणूनही.
वही सांभाळतात एलेओदोरो मान्सिया.
निळा पुठ्ठा, बावन्न सालापासूनची,
चुलीच्या धुराने पानं चहाच्या रंगाची झालेली.
ते वाचतात, मी टंकते.
बोट ओळीवर, चष्मा कपाळावर.

माझी भाषा काटेकोर.
आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारते, तू कोण?
आकडा? अक्षरं? होय-नाही?
तारीख असशील तर तारखेसारखा वाग.
मला आवडतं तिचं हे.
आमच्या घरी कुणी कधी असं स्पष्ट विचारलं नाही.

सतरावी नोंद:
लाल, ऐंशी बासचा, दोन पट्ट्या अडकतात.
नेणारा रोसामेल कार्कामो.
नेल्याची तारीख: चार नोव्हेंबर एकसष्ट.
परतीचा रकाना कोरा.
भाषा अडून बसली, तारीख दे.
रात्रीचा दीड वाजला होता, मी दिली एक,
एक जानेवारी एकोणीसशे,
कुणाला फसवायची नाही, नुसती गप्प करायची तारीख.

सकाळी पान उघडून दाखवलं.
म्हातारा बराच वेळ वाचत राहिला.
"आणून दिला म्हणतेस?"
मी पाहिलं. सतराव्या ओळीपुढे हिरवी खूण.
"मग दाखव. कुठाय?"

रोसामेल गेला होता दक्षिणेला,
मेंढ्यांची लोकर कातरायच्या हंगामाला,
जहाजावर वाजवायला काहीतरी हवं म्हणून.
हंगाम संपला. दुसरा आला.
"तो मेला असं कुणी लिहिलंय का इथे?
हरवला, असं? मोडला, असं?
कोरं म्हणजे कोरं, पोरी.
मी सही केलेली नाही."

मग मी रकान्याचा नियम बदलला.
तारीख, किंवा काही नाही.
एवढीच दुरुस्ती, एक उभी रेघ आणि एक शब्द.
क्षणात पडदाभर लाल ओळी.
अकरा ठिकाणी, मोजून अकरा ठिकाणी,
मी गृहीत धरलं होतं
की माणसं परत येतात.

दुपार त्यातच गेली.
प्रत्येक जागी जाऊन विचारायचं:
आणि नसेल आली तर?
एका जागी "बाहेर" लिहिलं,
एका जागी नुसती मोकळी जागा सोडली.
शेवटच्या जागी काय लिहावं मला सुचेना,
म्हणून त्यांना विचारलं.
"अजून," ते म्हणाले. "लिही, अजून नाही."

फुकटचा सर्व्हर आहे, कुणी विचारलं नाही की झोपतो.
रोज सकाळची पहिली हाक त्याला उशिरा ऐकू येते,
सहा सेकंद, कधी आठ.
तेवढ्यात एलेओदोरो किटलीत पाणी घालतात,
चुलीत एक फाटा सरकवतात,
आणि पडद्याकडे पाठ करूनच विचारतात,
"उठला का तो ब्राझीलचा?"

काल यादी लावताना म्हणाले,
कोऱ्या तारखा खाली का ढकलतेस?
मी म्हटलं, यंत्राची सवय आहे ती.
"मग मोड."

मोडली.
आता सगळ्यांत वर लाल अकॉर्डियन आहे,
ऐंशी बासचा,
दोन पट्ट्या अडकतात.